ब्रिकच्या ट्रकचं स्टिअरिंग: टपावरची मूठ, वर्म की सर्व्हो?

लेगो टेक्निकचा किंवा तसल्याच ब्रिकचा, म्हणजे एकमेकांत जोडायच्या प्लॅस्टिक ठोकळ्यांचा, ट्रक सरळ झकास पळतो, पण वळवायला गेलं की पुढची चाकं वळूनही गाडी नाकासमोरच सरकते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार नवी मोटर घेण्याचा असतो. माझा आग्रह आहे की खिशात हात घालण्याआधी गाडी उलटी करून मागचा एक्सल बघा.

मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर असतील, तर ती एकाच वेगानं फिरणार. समजा ट्रक ३० सेंटिमीटर त्रिज्येनं वळतोय आणि मागच्या दोन चाकांमध्ये १२ सेंटिमीटर अंतर आहे. आतलं चाक २४ च्या वर्तुळावर, बाहेरचं ३६ च्या. म्हणजे बाहेरच्याला दीडपट अंतर कापायचंय आणि दांडा ते कापू देत नाही. मग रबरी टायर घासतात आणि गाडी सरळ रेटली जाते. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर टायर घसरून वेळ निभावते, अंगणातल्या खडबडीत शहाबादी फरशीवर मात्र हा दोष लगेच उघडा पडतो. उपाय एकच, डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी. मागे दोन एक्सल असतील तर एकाला डिफरन्शियलमधून चाल द्या आणि दुसऱ्याची चाकं पिनवर सुटी फिरू द्या.

वजनाचंही तसंच. आपल्याकडची पोरं उसाचा ट्रक हौसेनं बनवतात, हौद्यात उसाच्या कांड्या भरतात, वर बॅटरी बॉक्सही मागेच ठेवतात. पुढची चाकं हलकी पडतात आणि त्यांची पकड जाते. बॅटरी बॉक्स केबिनखाली आणला तर एक पैसा न खर्चता निम्मं काम होतं.

एवढं करूनही समाधान नसेल, तर पुढची निवड करायची.

टपावरची मूठ सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते लहान मुलांसाठी सगळ्यात चांगली. केबिनच्या टपावर गिअर किंवा मूठ, तिथून उभा दांडा खाली, त्याच्या टोकाला छोटा गिअर आणि तो रॅकला, म्हणजे दातांच्या सरळ पट्टीला, डावी-उजवीकडे सरकवतो. मोटर नाही, सेल नाहीत, हाताला थेट कळतं चाक किती वळलं. अडचण येते ती ‘प्ले’ची. मूठ एका हातानं घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं पुढचं चाक हलवा. मूठ स्थिर असताना चाक जेवढं डुलेल, तेवढा प्ले. तो येतो गिअरच्या दातांमधल्या फटीतून, लिंकच्या म्हणजे जोडपट्टीच्या भोकांतून, युनिव्हर्सल जॉइंटमधून (दांडा कोनात वळवणारा सांधा) आणि लांब दांडा पिळवटला जातो त्यातून. म्हणून उभा दांडा शक्य तितका आखूड ठेवा, त्याला वर आणि खाली दोन्हीकडे आधार द्या आणि युनिव्हर्सल जॉइंट टाळता आला तर टाळाच. काही जण रबर लावून प्ले ताणून धरतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात ते रबर वाळून तडकतं, तेव्हा मी त्यावर भिस्त ठेवत नाही.

वर्म गिअरचं, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेल्या गिअरचं, आकर्षण वेगळं आहे. वर्मचा एक फेरा म्हणजे पुढच्या गिअरचा एकच दात, म्हणजे चोवीस दाती गिअरला पाव फेरा द्यायला वर्मचे सहा फेरे लागतात. ताकद भरपूर मिळते, आणि चाक दगडाला धडकलं तरी उलटं जोर लावून वर्म फिरवू शकत नाही. ट्रक जिथे वळवून ठेवला तिथेच राहतो. क्रेन, रोलर, सावकाश चालणारी अवजड गाडी यांना हे शोभतं. पळत्या ट्रकला मी हे सुचवणार नाही. बटण सोडल्यावर चाकं आपणहून मध्यावर येत नाहीत, दर वळणानंतर अंदाजानं उलटं फिरवावं लागतं आणि दुरून बघताना तो अंदाज चुकतोच. शिवाय रॅक टोकाला टेकला की मोटर अडून बसते. तरीही वर्मच हवा असेल, तर मध्ये चोवीस दातांचा क्लच गिअर टाका. जोर वाढला की तो घसरतो आणि मोटर वाचते.

आता सर्व्हो, म्हणजे ठरावीक कोनात फिरून थांबणारी मोटर. पॉवर फंक्शन्स या लेगोच्या जुन्या मोटर-रिमोट मालिकेची सर्व्हो २०१२ मध्ये आली. ती मध्यापासून दोन्हीकडे ९०-९० अंश फिरते आणि सोडली की मध्यावर परत येते. साध्या रिमोटवर फक्त पूर्ण डावं किंवा पूर्ण उजवं मिळतं. लेगो ट्रेनच्या चकतीवाल्या रिमोटवर दोन्हीकडे सात-सात टप्पे मिळतात आणि मग वळणं खरी वाटू लागतात. कंपनीनं ही मालिका बंद केली आहे, त्यामुळे वापरलेलीच शोधावी लागते. आत्ता नवीन घेणाऱ्यानं पॉवर्ड अप या लेगोच्या त्यानंतरच्या मालिकेतली टेक्निक लार्ज मोटर घ्यावी. तिला स्वतःचा कोन कळतो, मध्य अ‍ॅपमधून ठरवता येतो, आणि ९० अंशांचं बंधनही नाही. मात्र फोन लागतो. मुलाच्या हाती फोन द्यायचा नसेल तर जुनी सर्व्होच बरी.

सर्व्होला कुठला गिअर लावायचा, यावर सगळा निकाल ठरतो. या गिअरमध्ये दातागणिक ३.१४ मिलिमीटर अंतर असतं. सर्व्होचा पाव फेरा म्हणजे आठ दाती गिअरनं रॅक ६.३ मिलिमीटर सरकतो, बारा दातीनं ९.४. चाकाचा स्टिअरिंग आर्म (रॅकला जोडलेली, चाक वळवणारी भुजा) दोन भोकं, म्हणजे १६ मिलिमीटर असेल, तर पहिल्यात चाक साधारण २३ अंश वळतं, दुसऱ्यात ३६. दोन एक्सलमध्ये वीस भोकांचं, म्हणजे १६ सेंटिमीटर अंतर असलेल्या ट्रकची मागच्या एक्सलपाशी वळणत्रिज्या ३८ सेंटिमीटरवरून २२ वर येते. खोलीत खेळताना हा फरक खूप मोठा आहे. बदल्यात बारा दातीला जोर जास्त लागतो आणि सर्व्होकडून आलेला प्ले दीडपट होऊन चाकापर्यंत पोचतो. हलक्या ट्रकला मी डोळे मिटून बारा दाती लावीन. उसानं भरलेल्या जड ट्रकला आठ दाती ठेवून आर्म आखूड करता येतो का ते बघीन, पण त्यातही सर्व्होवरचा जोर वाढणारच. सहा साध्या सेलचे ९ व्होल्ट होतात, चार्जिंगच्या सेलचे ७.२. जड गाडी चार्जिंगच्या सेलवर वळायला कुरकुरते ती यामुळेच.

अ‍ॅकरमन भूमितीबद्दल हमखास विचारलं जातं. म्युनिकचे घोडागाड्या बनवणारे लांकेनश्पेर्गर यांची १८१७ ची कल्पना, इंग्लंडमध्ये अ‍ॅकरमन यांच्या नावे १८१८ चं पेटंट: आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवायचं. तत्त्व चोख आहे, पण एवढ्याशा गाडीत प्लेच त्याहून जास्त असतो. आधी प्ले काढा, मग त्याच्या मागे लागा. त्याआधी चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, तपासा. वळण्याचा खुंटा टायरपासून दोन-तीन भोकं आत असेल तर चाक वळताना पुढे-मागे झोका घेतं आणि मडगार्डला घासतं. खुंटा चाकाच्या पोटात असलेला हब बसवला की तेवढ्यानंच ट्रक शहाण्यासारखा वळतो.

पुढे दोन एक्सल वळणारा ट्रक करायचा असेल, लेगोच्या २०१५ च्या मर्सिडीज आरॉक्ससारखा, तर सोलापूर–धुळे महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यावर थांबा आणि बारा टायरी ट्रक वळून उभा राहताना बघा. दुसऱ्या एक्सलचं चाक पहिल्यापेक्षा कमी वळलेलं दिसेल. मॉडेलमध्ये तेच साधायला दोन्ही एक्सल एकाच तरफेला जोडा. पहिल्याची लिंक तरफेच्या खुंट्यापासून तीन भोकांवर, दुसऱ्याची दोनवर. दोन्ही एकाच भोकात लावल्या तर दुसरी चाकं प्रत्येक वळणावर घासतील, मग सर्व्हो कुठलीही असो.