शेततळ्याला जेसीबी लावावा की पोकलेन?

30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर आणि बाजूंना 1:1 उतार, एवढ्या शेततळ्यातून 2,196 घनमीटर माती निघते. खणली की माती सव्वापट फुगते, म्हणजे बकेटला उचलावी लागते ती 2,700 घनमीटरच्या वर. कोणतं मशीन बोलवायचं, ते इथून ठरवायला घ्यावं.

जेसीबीचं मागचं बकेट जेमतेम पाव घनमीटरचं. 20 टनी पोकलेनचं 0.9 च्या घरात. खणून, फिरून, ओतून परत यायला दोघांनाही 20 सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे जेसीबीच्या साडेदहा हजार फेऱ्या, पोकलेनच्या तीन हजार. तासाला 50 मिनिटं खरं काम धरलं तर जेसीबीचे 70 तास आणि पोकलेनचे 20. डिझेल जेसीबीला तासाला साधारण 5 लिटर, पोकलेनला 14; तरी अख्ख्या तळ्यामागे पोकलेनच कमी पितं. तासाचा दर जेसीबीच्या तिप्पट असला तरी पोकलेन परवडतं. फक्त ट्रेलरचं जाण्या-येण्याचं भाडं त्यात मिळवा, कारण पोकलेन रस्त्यावरून चालत येत नाही. लहान तळं असेल तर हे भाडंच सगळा हिशोब फिरवतं.

हा झाला मऊ मातीचा हिशोब. खाली कडक मुरूम लागला की मशीनचं वजन बोलायला लागतं. पोकलेनचा हात ज्या तेलाच्या दाबावर हलतो, त्या तेलाचा दाब 350 बारपर्यंत जातो (1 बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो). 12 सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ 113 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दांडीवर 40 टनांचा रेटा. तरफेत कमी होत होत दातांवर उरतो 14-15 टन. दात जेवढे मातीला रेटतात तेवढीच माती मशीनला उलट रेटते, आणि तो रेटा पेलायला 20 टन वजन खाली बसलेलं असतं. जेसीबीच्या दातांवर साडेपाच-सहा टन मिळतात आणि स्वतःचं वजन आठाच्या आत. कातळासारख्या थरात हात लांब करून ओढलं की मागची बाजू उचलते किंवा मशीनच दातांकडे सरकतं. म्हणूनच पुढचं बकेट जमिनीत दाबून आणि मागचे दोन्ही पाय टेकवून खणायचं. पायाखाली भुसभुशीत माती असेल तर जाड फळ्या घालाव्यात, नाहीतर एक पाय रुततो आणि मशीन कलतं. दात बोथट झाले असतील तर हा सगळा रेटा जास्त जागेवर पसरून वाया जातो. मुरमाचं काम असेल तर मशीन ठरवण्याआधी दात बघून घ्या.

खोलीचं म्हणाल तर 3 मीटर दोघांच्याही आवाक्यात आहे. पण जेसीबीचा हात मागच्या अर्ध्या वर्तुळातच फिरतो. तळ्याच्या मधली माती एका फेकीत काठावर जात नाही, तीच दोनदा उचलावी लागते आणि ते 70 तास आणखी वाढतात.

काळ्या रानात पाऊस पडून गेला असेल तर जेसीबी बोलवूच नये. टायरखालचा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेइतका, म्हणजे 2-3 बार. पोकलेनच्या दोन चेन, प्रत्येकी 60 सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला टेकलेली लांबी पावणेचार मीटरच्या आत-बाहेर. 21 टन त्यावर पसरले की चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोही येत नाही. मात्र दगडगोट्यांत जागच्या जागी वळवलं की चेन उतरते, आणि ती बसवण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. काठावर उभं करताना चेन काठाला काटकोनात आणि चेन फिरवणारी मोटर मागे हवी. कड ढासळायला लागली तर सरळ मागे घेता येतं. शिवाय आडव्यापेक्षा लांबीच्या दिशेने मशीन जास्त स्थिर असतं.

दुपारनंतर मशीन मंदावलं तर हात हलवणारं तेल तापलंय. पातळ झालेलं तेल पंपात आतल्या आत गळतं, दाब बसत नाही. कूलरची जाळी धुळीने भरलीय का, ते आधी पाहावं.

ट्रॉल्या भरायच्या आणि जमीन सपाट करायची असेल तर मात्र जेसीबीच. पुढचं बकेट घनमीटरभर माती घेतं. बांधाच्या दाबाईलाही पोकलेन फिरवून भागत नाही: जो हलका दाब त्याला चिखलात तारतो, तोच इथे आडवा येतो. 15-20 सेंटिमीटरचे ओलसर थर देऊन त्यावर रोलर फिरवावा. रोलर नसेल तर पुढचं बकेट मातीने भरलेला जेसीबी वर-खाली चालवावा.