साथीचा आजार आणि मालकाचा विमाखर्च: ईएसआय, डब्ल्यूसी पॉलिसी की ग्रुप मेडिक्लेम?

भोसरीतलं वीस माणसांचं वर्कशॉप असो, साताऱ्यातलं छोटं हॉस्पिटल असो की नाशिकची पॅथॉलॉजी लॅब, साथ आली की मालकापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. आजारी पडलेल्या माणसाच्या घरी पैसे कोण देणार? आणि त्या क्लेममुळे पुढच्या वर्षी आपला विम्याचा खर्च किती वाढणार? मार्ग तीन: ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, सरकारी योजना), डब्ल्यूसी पॉलिसी (कामगाराला द्यायच्या नुकसानभरपाईसाठी मालकाने काढलेला विमा) आणि ग्रुप मेडिक्लेम (कर्मचाऱ्यांचा सामूहिक आरोग्यविमा). कोविडच्या काळात या तिन्हींची परीक्षा झाली आणि तिघांचे निकाल अगदी वेगवेगळे लागले. त्यामुळे आता निवड करायची तर त्या अनुभवावरूनच करावी.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार आणि 10 किंवा जास्त माणसांची आस्थापना असेल, तर ईएसआय ऐच्छिक नाही. तिथे तुलनेचा प्रश्नच येत नाही, नोंदणी करायचीच. आणि जो माणूस ईएसआयमध्ये आहे, त्याला कामावरच्या इजेसाठी मालकाकडे वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. तरीही याच माणसांची वेगळी डब्ल्यूसी पॉलिसी वर्षानुवर्षं काढणारे मालक आहेत. ते पैसे 21,000 च्या वरच्या माणसांसाठी वापरले तर कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

ईएसआयचा मोठा फायदा असा की क्लेममुळे तुमचा दर बदलत नाही. 1 जुलै 2019 पासून मालकाचा वाटा 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के आहे. 18,000 पगारावर मालकाचे महिन्याला 585 रुपये होतात. तुमच्या युनिटमध्ये एक माणूस आजारी पडला काय किंवा पंधरा पडले काय, वर्गणीचं चलन तेवढंच राहतं, कारण बोजा सगळ्या देशातल्या आस्थापनांवर वाटला जातो. साध्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. कोविडसाठी ईएसआय महामंडळाने 24 मार्च 2020 पासून दोन वर्षांसाठी वेगळी योजना आणली. कोविडने दगावलेल्या विमाधारकाच्या कुटुंबाला सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के रक्कम, महिन्याला किमान 1,800 रुपये, अशी ती होती. संसर्ग कामावरच झाला हे सिद्ध करण्याची अट त्यात नव्हती, आणि मला ही त्या योजनेतली सगळ्यात माणुसकीची गोष्ट वाटते. पण निदानाच्या किमान तीन महिने आधी पोर्टलवर नोंदणी आणि मागच्या वर्षभरात किमान 70 दिवसांची वर्गणी या अटी मात्र होत्या. ज्या मालकाने नोंदणी टाळली किंवा कंत्राटदाराच्या माणसांची चलनं तपासली नाहीत, त्याच्या कामगाराचं कुटुंब त्या अटींपाशीच अडलं. इथे स्वस्त पडणं हे फक्त वेळेवर पैसे भरणाऱ्याच्या वाट्याला येतं.

डब्ल्यूसी पॉलिसीचं गणित निराळं. ती 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालची मालकाची जबाबदारी उचलते. (21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा आणि ईएसआय कायदा दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत गेले.) प्रीमियम वार्षिक पगाराच्या रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. अपघात झाला तर वाद कमी होतात, आजार झाला की प्रश्न सुरू होतात. लेथवर काम करणाऱ्याला कोविड कारखान्यातच झाला, लोकलमध्ये किंवा घरी नाही, हे दाखवणार कसं? साध्या युनिटमध्ये हा पुरावा जमवणं फार अवघड. म्हणून साथीत अशा युनिटच्या डब्ल्यूसी प्रीमियमला फारसा धक्का बसायचं कारण नसतं, पण त्याच कारणाने कामगाराच्या घरीही काही पोहोचत नाही.

हॉस्पिटल आणि लॅबमध्ये चित्र पूर्ण उलटं होतं, आणि तिथल्या मालकांनी हे नीट वाचावं. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीच्या पहिल्याच भागात, संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात झालेले संसर्गजन्य आजार व्यावसायिक आजार म्हणून घातलेले आहेत, आणि आरोग्यसेवा व प्रयोगशाळेतलं काम त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. अशा ठिकाणी आजार कामामुळेच झाला असं धरलं जातं. तसं नव्हतं हे मालकाने सिद्ध करायचं. रक्कम किती होते ते बघा. 3 जानेवारी 2020 पासून हिशोबासाठी वेतनाची मर्यादा 15,000 होती. ईएसआयमध्ये नसलेली 40 वर्षांची नर्स दगावली तर निम्मं वेतन 7,500 गुणिले त्या वयाचा गुणांक 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये. महिनाभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. विमा कंपनी व्याज देईल, पण दंड मालकाच्याच खिशातून जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये वाहन विम्याच्या प्रकरणात सांगितलेलं आहे. लॅबवाल्याने पॉलिसी घेताना व्यावसायिक आजारांचं कलम मूळ पॉलिसीत आहे की जादा प्रीमियमवर मिळतं, हे लेखी विचारावं. तोंडी 'सगळं कव्हर आहे' या उत्तरावर थांबू नये.

अमेरिकेत हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर आला, कारण तिथे फार छोटे सोडले तर मालकाचा प्रीमियम त्याच्या मागच्या क्लेमच्या इतिहासावरून कमी-जास्त होतो. कॅलिफोर्नियाने 17 सप्टेंबर 2020 ला कायदा केला: शंभरपर्यंत कामगारांच्या ठिकाणी 14 दिवसांत चौघांना संसर्ग झाला, तर तो कामामुळेच झाला असं गृहीत धरायचं. त्याच वेळी दर ठरवणाऱ्या संस्थेने कोविडचे क्लेम मालकाच्या वैयक्तिक इतिहासातून वगळले. कामगाराला भरपाई मिळाली आणि त्यासाठी एकट्या मालकाचा दर वाढला नाही. आपल्याकडे ईएसआय हे काम आपोआप करते, डब्ल्यूसी पॉलिसीत ते करणारी अशी यंत्रणा नाही.

ग्रुप मेडिक्लेम घेणाऱ्याला संसर्ग कुठे झाला याचा पुरावा द्यावा लागत नाही, हॉस्पिटलचं बिल भागतं. पण तिन्ही मार्गांत पुढच्या वर्षीच्या खर्चावर सगळ्यात थेट परिणाम इथेच होतो. नूतनीकरणाला विमा कंपनी क्लेम रेशो बघते. 10 लाख प्रीमियमवर 9 लाखांचे क्लेम झाले, तर वाढीव कोटेशन येणारच. शिवाय बुडालेला पगार किंवा मृत्यूची भरपाई यातून मिळत नाही आणि कायद्याची जबाबदारीही संपत नाही. ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसीवर तर साथीच्या आजारात अजिबात विसंबू नका, ती अपघातापुरतीच असते.

माझं मत सांगतो. वर्कशॉपवाल्याने ईएसआयची नोंदणी चोख ठेवावी, कंत्राटी माणसांसकट. 21,000 च्या वरच्यांसाठी डब्ल्यूसी पॉलिसी आणि मध्यम रकमेचं मेडिक्लेम घ्यावं. पीएफ लागू असेल तर ईडीएलआय (पीएफला जोडलेला मृत्यूविमा) विसरू नये: मालकाचा वाटा वेतनाच्या 0.5 टक्के, आणि नोकरीत असताना मृत्यू झाला तर कारण काहीही असो, वारसाला 7 लाखांपर्यंत मिळतात. कितीतरी कुटुंबांना ही रक्कम आहे हेच ठाऊक नसतं, ते त्यांना सांगणं मालकाचं काम आहे. हॉस्पिटल-लॅबवाल्याने मात्र खर्च वाचवायचा असेल तर तो मेडिक्लेमच्या खोलीभाड्याच्या मर्यादेत वाचवावा, व्यावसायिक आजाराच्या कलमात नाही. आणि पॉलिसीत जाहीर करायचा पगार पूर्ण दाखवावा. नव्या संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. जुनाच आकडा पुढे चालवला, तर क्लेमच्या वेळी कमी पडणारी रक्कम मालकालाच भरावी लागेल.