थोडं क्लिनिकमध्ये, थोडं फोनवर: लेकाच्या फिजिओचे अकरा महिने

माझा लेक साडेपाच वर्षांचा. सातव्या महिन्यातच जन्मला. त्याला स्पास्टिक डायप्लेजिया आहे. हा सेरेब्रल पाल्सीचाच (लहानपणी मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणारा परिणाम) प्रकार, यात हातांपेक्षा पाय जास्त ताठ असतात. तो वॉकर धरून चालतो.

आधी दीड वर्ष आम्ही आठवड्यातून तीनदा धायरीहून कर्वे रोडच्या फिजिओथेरपी क्लिनिकला जायचो. सिंहगड रोडचं ट्रॅफिक पुणेकरांना वेगळं सांगायला नको. रिक्षात तो कंटाळून रडायचा, आणि रडला की पाय आणखी ताठ व्हायचे. पाऊण तासाच्या सेशनमधली पहिली पंधरा मिनिटं पाय सैल करण्यातच जायची. गेल्या जूनपासून पंधरा दिवसांतून एकदा क्लिनिक आणि आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल, असं ठरलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, हात न लावता कसला व्यायाम?" मलाही तेच वाटत होतं. पण हात लागतच होते, फक्त आता ते माझे होते. पोटरीचं स्ट्रेचिंग मी रोज करत होते, आणि चुकीचं करत होते. दुसऱ्याच कॉलला फिजिओ मॅडम म्हणाल्या, "थांबा, पाऊल मधूनच वाकतंय. नुसता पंजा ढकलू नका. टाच तळहातात धरा, तळपाय तुमच्या हातावर टेकू दे, गुडघा सरळ, आणि आता टाच खाली ओढा." ओढली, तर पोटरी ताणली गेल्याचं बोटांना लगेच कळलं. क्लिनिकमध्ये हे सगळं मॅडमच करायच्या आणि मी बाहेर बाकावर बसून असायचे. दीड वर्षात जे शिकले नाही, ते त्या पाच मिनिटांत शिकले.

शिवाय मॅडमना आमचं घर दिसलं. जेवताना तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि पाय लोंबकळत असायचे. त्यांनी पायाखाली पाट ठेवायला सांगितलं. पाय टेकल्यावर पाठ सरळ झाली आणि घास स्वतःच्या हाताने तोंडात जायला लागला. क्लिनिकमध्ये हा विषय कधी निघालाच नव्हता.

आता जे वाईट झालं ते. सप्टेंबरमध्ये नवे स्प्लिंट, म्हणजे पाऊल आणि घोटा नीट धरून ठेवणारे आधार, आले. कॉलवर सगळं ठीक दिसत होतं. मग गणपतीत रस्ते बंद, त्यानंतर त्याला ताप, असं करत क्लिनिकची एक खेप चुकली. महिनाभराने गेलो तेव्हा कळलं, की स्प्लिंटमध्ये टाच खाली बसतच नव्हती. घोट्याचा कोन मोजला तर हालचाल दहा अंशांनी कमी झालेली. मधल्या काळात त्याची उंची वाढली होती. हाड वाढतं त्या वेगाने असे ताठ स्नायू वाढत नाहीत, त्यामुळे या दिवसांत आखडणं वाढतं. तो महिना मला अजून बोचतो. स्प्लिंटच्या आत टाच बसली आहे का, हे बोट घालूनच कळतं, कॅमेऱ्यात नाही. आता स्प्लिंट काढल्यावर अर्ध्या तासाने लाल वळ तसाच असला, तर मी फोटो पाठवते आणि कॉलची वाट न बघता क्लिनिक गाठते. खुब्याचा एक्स-रेही ठरल्या वेळी काढतोच. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक-तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू सरकतो, आणि सुरुवातीला तो दुखतही नाही.

कॉल करणार असाल तर काही गोष्टी. फोन मुलाच्या समोर ठेवू नका. समोरून गुडघा किती वाकलाय ते दिसतच नाही. आमचा फोन रव्याच्या डब्याला टेकवून जमिनीवर, बाजूला असतो. मुलाला हाफ पँट घाला. नेट गेलं तर वाया गेलेल्या वेळेचं काय, हे आधीच ठरवून घ्या. निरामय, म्हणजे अशा मुलांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, काढला नसेल तर जरूर काढा, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीही बसते.

निदान नुकतंच झालं असेल किंवा ऑपरेशन झालं असेल, तर मात्र मी हे सुचवणार नाही. किमान पहिले काही महिने जाणत्या हाताखालीच काढा, तुमचे हात तिथेच घडतात.

सध्या आमचं काम सोसायटीच्या दारातल्या तीन पायऱ्यांवर चाललंय. गुरुवारच्या कॉलला मी फोन धरून खाली उभी असते. आजोबा मागे उभे राहतात, पण हात लावत नाहीत. दुसऱ्या पायरीपर्यंत तो कठडा धरून स्वतः चढतो. तिसरीला उजवा पाय अजून अडतो, आणि तो का अडतो ते बघायला मॅडमनी येत्या शनिवारी क्लिनिकला बोलावलंय.