घरच्या धुपाटण्यात काय घालावे : गुग्गुळ, लोबान की साळईचा डिंक?

पूजेत धूप दाखवताना आपण ‘वनस्पतिरसोद्भूतः’ असे म्हणतो, म्हणजे झाडाच्या रसातून निपजलेला गंध देवाला अर्पण करतो. उदबत्तीऐवजी निखाऱ्यावर खरा डिंक जाळण्याचे ज्यांनी मनाशी ठरवले आहे, त्यांच्यापुढे मुख्यतः तीन पर्याय असतात.

परंपरेत गुग्गुळाचा मान सर्वांत मोठा आहे. गुग्गुळाचा सुगंध ज्याच्यापर्यंत पोहोचतो त्याला यक्ष्मा म्हणजे क्षयासारखा रोग गाठत नाही, असे अथर्ववेदाच्या १९ व्या कांडात म्हटले आहे, आणि त्याच्या धुरीने घरातली इडापीडा टळते ही समजूत आजही टिकून आहे. मात्र राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या रानांत वाढणारे हे झुडूप जास्त डिंकाच्या हव्यासाने दिलेल्या खोल चिरांमुळे वाळून जाते, आणि जागतिक पातळीवर ते आता अतिसंकटग्रस्त मानले जाते. ज्या औषधीला वेदाने गौरवले ती आपल्या नित्यपूजेपायी नाहीशी व्हावी, हे मला पटत नाही. म्हणून गुग्गुळ सणावारी आणि चिमूटभरच वापरावा.

लोबान घेताना नावाचा घोळ लक्षात ठेवावा. अरबीत ‘लुबान’ म्हणजे ओमानमधील धोफारसारख्या प्रदेशांतील झाडांचा डिंक. या झाडांची राखण पंख असलेले साप करतात, अशी कथा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नोंदवली आहे. बाळ येशूला मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांनी, अर्पण केलेला सुगंधी डिंक हाच, आणि मराठी बायबलात त्यालाच ‘ऊद’ म्हटले आहे. आपल्या बाजारात लोबान म्हणून मिळतो तो बहुधा सुमात्राकडील अगदी वेगळ्या झाडाचा असतो. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’ म्हणत. तपकिरी खड्यात पांढरट ठिपके दिसले आणि धुराला गोडसर वास आला, तर तो हाच समजावा. भक्तीच्या कामी तो मुळीच कमी प्रतीचा नाही.

साळई मात्र ओमानच्या लुबानाची सख्खी बहीण असून ती मेळघाटात आणि सातपुड्यात उगवते. संस्कृतात तिला शल्लकी आणि हत्तींना प्रिय म्हणून गजभक्ष्या म्हणतात. वास हलका, किंचित लिंबासारखा असतो. रोजच्या धूपासाठी मी साळईच सुचवेन. फक्त झाडाला बेताच्या चिरा देऊन डिंक काढला आहे ना, याची विक्रेत्याकडे चौकशी करावी.

घरात तान्हे बाळ किंवा दम्याचा रुग्ण असल्यास यांपैकी कोणताही धूर त्यांच्या खोलीत करू नये.