जंगली महाराज रस्ता, पुणे: पायी चालणाऱ्यांसाठी कसा आहे?

बालगंधर्व रंगमंदिराकडून डेक्कनच्या दिशेनं चालत निघालात की या रस्त्याचं मर्म कळतं. जुनी झाडं न तोडता फुटपाथ रुंद केलाय, बाकं सावलीत आहेत, मुलांसाठी खेळणीही आहेत. नुसती रुंदी मात्र कामाची नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार चालण्याचा पट्टा किमान १.८ मीटर, तोही पूर्ण मोकळा हवा. खांब, विजेच्या डीपीच्या पेट्या, बाकं सगळं त्याच्या बाहेर. इथे ही विभागणी बऱ्यापैकी जमलीय, आणि माझ्या मते हेच या रस्त्याचं खरं यश.

घोळ होतो तो सोसायट्यांच्या आणि दुकानांच्या फाटकांशी. तिथे फुटपाथ खाली उतरवला की चालणाऱ्याची चढउतार सुरू. फुटपाथ त्याच पातळीवर ठेवून गाडीनं छोटा उतार चढावा, हे योग्य. कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर आजीआजोबा सरळ रस्त्यावरून चालतात. व्हीलचेअरसाठी उतार १:१२, म्हणजे १५० मिलिमीटर चढायला १.८ मीटर लांबी.

गाड्या अडवणाऱ्या खांबांत व्हीलचेअर जाण्यापुरतं साधारण १.२ मीटर अंतर हवं. त्यातूनही स्कूटर घुसतेच, तिथे दंडाची पावतीच हवी!

अंधांसाठीच्या पिवळ्या फरशा नीट बघा: लांब रेघा म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे सावध. दुरुस्तीनंतर त्या उलटसुलट बसवल्या, तर अंध माणसाला थेट चुकीची दिशा मिळते. सायकल ट्रॅकवर गाड्या लावलेल्या दिसतात, तेवढ्यासाठी माझ्या रेटिंगमध्ये एक तारा कमी.