पैसे एचडीचे, चित्र एसडीचं : नव्या सिनेमा चॅनलच्या नावाखाली होणारी फसवणूक

डीटीएचवर नवा सिनेमा चॅनल आला की सुरुवातीला तो बऱ्याचदा सगळ्यांना फुकट दाखवतात. मग एखाद्या संध्याकाळी स्क्रीनवर खाली पट्टी येते : चॅनल चालू ठेवण्यासाठी ओके दाबा, किंवा अमुक नंबरवर मिस्ड कॉल द्या. चित्रावर आलेली ती पट्टी घालवायची म्हणून घरातलं कुणीतरी ओके दाबतं. तेवढ्यावर चॅनल खात्याला जोडला जातो आणि शिल्लक रकमेतून रोज थोडे थोडे पैसे कापले जाऊ लागतात. महिन्याचा रिचार्ज दोन दिवस आधी संपला, तर कुणाला संशयही येत नाही. रक्कम लहान असते, म्हणूनच हा प्रकार वर्षानुवर्षं खपतो.

पट्टीवर लिहिलेली किंमत ही खरी किंमत नसते. समजा चॅनल १९ रुपयांचा आहे. हा आकडा वारंवार दिसतो, कारण १९ रुपयांहून महाग चॅनल पॅकमध्ये घालता येत नाही, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या सरकारी नियामकाचा, नियम आहे. या १९ वर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २२ रुपये ४२ पैसे. त्यात नेटवर्क शुल्काचा, म्हणजे चॅनल घरापर्यंत पोहोचवण्यासाठी कंपनी घेते त्या पैशांचा, हिशेब वेगळाच. २०१९ साली नवी दरपद्धत लागू झाली तेव्हा १३० रुपयांच्या नेटवर्क शुल्कात १०० एसडी (साध्या स्पष्टतेचे) चॅनल मिळत होते आणि एक एचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) चॅनल दोन एसडीच्या बरोबरीचा धरला जात होता. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता प्रत्येक कंपनी आपापला दर ठरवते. त्यामुळे चॅनल जोडण्याआधी ॲपमध्ये आपल्या खात्याची फोड उघडा : चॅनल किती, नेटवर्क शुल्क किती, कर किती. चॅनल जोडल्यावर तीच फोड पुन्हा बघा. दोन्हींमधला फरक हीच त्या चॅनलची किंमत.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते दुहेरी आकारणीत. त्याच चॅनलची एसडी आवृत्ती तुमच्या पॅकमध्ये आधीपासून असते आणि एचडी वरून सुटी जोडली जाते. एकाच पॅकमध्ये दोन्ही घालायला मनाई आहे, पण एक पॅकमधून आणि दुसरी सुटी असेल तर कुणी अडवत नाही. दोन्हींचे पैसे जात राहतात.

आणखी एक गोष्ट तपासा. तो चॅनल खरोखर एखाद्या प्रसारकाचा आहे, की डीटीएच कंपनीचा स्वतःचा? कंपनीच्या स्वतःच्या चॅनलला प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात आणि त्याला ती १९ रुपयांची मर्यादा लागत नाही. जुलै २०२४ च्या बदलांनुसार डीटीएच कंपनीने असे चॅनल गाइडमध्ये (स्क्रीनवरच्या चॅनलच्या यादीत) वेगळ्या गटात, किमतीसह दाखवायचे आहेत आणि ते चालू-बंद करण्याची सोयही द्यायची आहे. गाइडमध्ये किंमत दिसत नसेल तर कस्टमर केअरला फोन करून विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आता चित्राकडे येऊ, कारण खरी दिशाभूल तिथे आहे. "टीव्हीवर १०८० दिसतंय, म्हणजे चॅनल एचडीच आहे," असं कस्टमर केअरही सांगतं आणि इन्स्टॉलरही. हे साफ चूक आहे. १०८० म्हणजे चित्रातल्या आडव्या रेषांची संख्या, आणि टीव्ही दाखवतो तो सेट टॉप बॉक्सच्या आउटपुटचा आकडा. बॉक्स १०८० वर सेट केलेला असेल तर तो प्रत्येक चॅनल ताणून १०८० करूनच बाहेर पाठवतो. खात्री करायची असेल तर एखादा साधा एसडी बातम्यांचा चॅनल लावा. आकडा तोच राहील.

खरी तपासणी डोळ्यांनीच करावी लागते. एसडी आणि एचडी आवृत्ती एकाच प्रसंगात आलटून पालटून लावा. केस, झाडाची पानं, चौकड्यांचा शर्ट, श्रेयनामावलीतली बारीक अक्षरं पाहा. कोपऱ्यातला चॅनलचा लोगो धारदार आणि नायिकेचे केस मात्र लोण्यासारखे एकजीव दिसत असतील, तर तो सिनेमा एसडी टेपवरून मोठा केलेला आहे. चित्राच्या चारही बाजूंना काळी चौकट असणं हीसुद्धा जुन्या ४:३ (जुन्या चौकोनी टीव्हीच्या आकाराच्या) टेपची खूण. चेहरे रुंद दिसत असतील तर ४:३ चं चित्र आडवं ताणलेलं आहे. पण निकाल एका जुन्या सिनेमावर देऊ नका, कारण कित्येक जुन्या सिनेमांची चांगली प्रतच उपलब्ध नसते. गेल्या दहा वर्षांतला सिनेमा लावा. तोही बोथट दिसला तर दोष चॅनलचा.

यामागचं कारण जागेचं आहे. उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरमध्ये, म्हणजे अनेक चॅनल मिळून वापरतात त्या प्रक्षेपण-वाहिनीत, ठरावीकच डेटा मावतो. डीव्हीबी-एस या जुन्या प्रक्षेपण पद्धतीत तो नेहमीच्या मांडणीत सुमारे ३८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) भरतो. डीव्हीबी-एस२ या नव्या पद्धतीत जास्त मावतो, तरी मर्यादा राहतेच. एमपेग-४ या पद्धतीने दाबून लहान केलेल्या एचडी सिनेमाला नीट दिसायला साधारण ६ ते ८ एमबीपीएस लागतात. जागा न वाढवता त्याच ट्रान्सपाँडरमध्ये नवा चॅनल कोंबला की सगळ्यांचाच वाटा घटतो. शिवाय हा वाटा क्षणाक्षणाला बदलत असतो. शेजारच्या चॅनलवर क्रिकेट चालू असेल तर सिनेमाच्या वाट्याला कमी येतं आणि अंधाराच्या, पावसाच्या, धुळीच्या दृश्यांत चौकोन दिसू लागतात. म्हणून दुपारी पाहून समाधान मानू नका. रात्री नऊच्या सुमारास, शक्यतो सामना चालू असताना बघा.

या चौकोनांवरून पुढची फसवणूक सुरू होते. तक्रार केली की "डिश हलली असेल" असं सांगून माणूस पाठवतात आणि व्हिजिट चार्ज लावतात. फरक ओळखणं सोपं आहे. चित्र फुटतं, थिजतं आणि आवाजही तुटतो, तेव्हा दोष डिश, एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग), कनेक्टर किंवा केबलचा. आवाज अखंड आहे, बाकीचे एचडी चॅनल स्वच्छ आहेत आणि फक्त हलत्या किंवा काळोख्या दृश्यांत चौकोन येतात, तेव्हा दोष बिटरेटचा, म्हणजे चॅनलच्या वाट्याला आलेल्या एमबीपीएसचा. तो गच्चीवर चढून कुणालाही दुरुस्त करता येत नाही. नवा बॉक्स घेऊनही जात नाही, तो विकायचा आग्रह कितीही होवो.

आपल्या बाजूचं मात्र आधी तपासून घ्या. लाल-पिवळी-पांढरी एव्ही वायर असेल तर एचडी दिसणारच नाही, एचडीएमआय केबलच हवी. बॉक्सचं आउटपुट ५७६ वर (एसडीच्या आकड्यावर) राहिलेलं नाही ना, टीव्ही झूम मोडवर नाही ना, हेही पाहा.

चॅनल नको असेल तर फुकटची मुदत संपण्याआधीच ॲपमधून काढा, स्क्रीनशॉट ठेवा आणि दुसऱ्या दिवशीची कपात तपासा. बॉक्समध्ये खरेदीसाठी पिन लावण्याची सोय असेल तर ती आजच चालू करा. पैसे आधीच कापले गेले असतील तर कस्टमर केअरकडून तक्रार क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जा, त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीत "चित्र खराब आहे" एवढंच लिहिलं तर पुन्हा डिशवालाच येईल. तारीख, वेळ, सिनेमाचं नाव, सिग्नलची टक्केवारी, त्याच वेळी स्वच्छ दिसणारे दुसरे दोन एचडी चॅनल आणि कापलेली रक्कम, हे सगळं लिहा आणि मोबाइलवर काढलेला त्या प्रसंगाचा व्हिडिओ सोबत जोडा.