विचार तपासावेत की स्वीकारावेत?

नोकरी सुटणे, घटस्फोट किंवा निवृत्ती अशा स्थित्यंतरातून जाणाऱ्या व्यक्तीला आधार देताना मानसशास्त्रज्ञ ज्या पद्धती वापरतात, त्यांपैकी दोन येथे पाहू.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या बोधात्मक, म्हणजे विचारांवर काम करणाऱ्या, उपचारातून विकसित झालेली बोधात्मक वर्तनोपचार पद्धती असे मानते की, ताण केवळ घटनेमुळे नव्हे, तर आपण तिचा जो अर्थ लावतो त्यामुळेही वाढतो. ‘नोकरी गेली, म्हणजे मी निरुपयोगी ठरलो’ हा विचार मनात येताच तो लिहून काढायचा, त्याच्या बाजूचे आणि विरोधातले पुरावे तपासायचे, पर्यायी अर्थ शोधायचा आणि दोन सत्रांच्या मधल्या काळात छोट्या कृतींतून तो पडताळून पाहायचा, असे येथे कामाचे स्वरूप असते. निद्रानाश किंवा सततची चिंता यांसाठी मी आधी हीच पद्धती सुचवेन.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेली स्वीकार व बांधिलकी पद्धती विचार खरा की खोटा, या वादात फारशी शिरत नाही. तो विचार मनात असतानाही आपल्या मूल्यांना धरून पुढचे पाऊल कसे टाकता येईल, हे ती विचारते. जोडीदाराच्या मृत्यूचे दुःख ही काही विचारातली चूक नव्हे; तेथे पुरावे तपासायला सांगणे कोरडे, क्वचित क्रूरही वाटू शकते, म्हणून अशा वेळी मला ही स्वीकाराची पद्धती अधिक योग्य वाटते. अर्थात, स्वीकार म्हणजे अन्याय निमूटपणे सोसणे नव्हे.

प्रत्यक्षात अनेक समुपदेशक एकाच व्यक्तीसोबत दोन्हींतील तंत्रे वापरतात.